कुंपणावरचा घेवडा

आमच्या बाग क्लबाचं वर्ष जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. क्लबहाउसमध्ये सतरंज्या घालायच्या, कुणीतरी घरून चहाचा थर्मास आणायचा आणि मग मी उभी राहून वर्षभराचं वेळापत्रक वाचून दाखवायचं. संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्यांऐवजी रोपं. फेब्रुवारीत आसपासच्या सोसायट्यांची बागस्पर्धा. उन्हाळ्यात गावी जाणाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घालायच्या पाळ्या. जूनमध्ये बियांची वाटणी, श्रावणात पत्रीची ओळख, दिवाळीनंतर शेवंती. प्राथमिक शाळेत आयुष्य गेल्यामुळे वेळापत्रक केल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि दुसऱ्याने केलेलं पटत नाही. म्हणून तर क्लबाची चिटणीस मी.

यंदाचंही वेळापत्रक मीच लिहिलं, पण वाचायला उभी राहिले नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. पहिल्याच ओळीत नव्या जागेचं उद्घाटन होतं, आणि ती ओळ मला मोठ्याने वाचवेना. का, ते सांगायचं तर आमच्या मागच्या भिंतीपासून सुरुवात करायला हवी.

पुण्याजवळच्या नांद्यात आमच्या सोसायटीचे मनोरे उभे राहिले ते भाताच्या खाचरांवर. आत राहणारे सगळे बाहेरचे. कुणी अकोल्याचे, कुणी सोलापूरचे, मी लातूरची. मुलगा इथे कंपनीत लागला आणि निवृत्तीनंतर मी त्याच्या मागे आले. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, बालपण क्वार्टर्समध्ये गेलं. शेत पाहिलं ते खिडकीतून, तेही बस थांबली तर. वर्गात मात्र मी मुलांना बीजांकुरणाचे टप्पे फळ्यावर काढून शिकवले, आणि त्या आकृत्यांच्या जोरावर आपल्याला झाडांतलं कळतं असा माझा पक्का समज होता.

आमची मागची भिंत आणि ओढा यांच्या मधे तीनेक गुंठ्यांची एक पट्टी तेवढी विकायची राहिली होती. ती ज्यांची, त्या म्हातारबाई जवळच राहायच्या. मनोऱ्यांखालची सगळी जमीनही त्यांच्याच घरची. दोन्ही मुलांनी बंगला बांधला होता, मागे खोल्या काढून कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. खाण्यापिण्याची ददात नव्हती. तरी बाई रोज सकाळी विळा घेऊन त्या पट्टीवर हजर.

आमची पहिली भेट म्हणजे भांडणच. मी मागच्या फाटकापाशी क्लबाच्या तुळशींना पाणी घालत होते. तारेच्या कुंपणापलीकडून आवाज आला, "ओ बाई, पानी पाजताय का बुडवून मारताय तिला?"

मला राग आला. तुळशीला पाणी कसं घालावं हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं काहीतरी मी फणकाऱ्याने बोलले. आठवड्याभरात पाचही तुळशी माना टाकून गेल्या. मग मीच फाटक उघडून त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मावशी, आमच्या बैठकीला या. त्या आल्या. कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कागूद लई झ्याक लिवलाय. झाडं कुटं हायेत?" हसून हसून पुरेवाट झाली. त्या दिवसापासून त्या आमच्या क्लबात. बाकीच्यांच्या आजी, माझ्या मावशी. मला त्या आधी 'बाई, तुमी' म्हणायच्या, वर्षभरात 'तू' म्हणायला लागल्या. या वयात आपल्याला अरेतुरे करणारं माणूस मिळणं किती दुर्मिळ असतं, हे ज्याचं त्यालाच माहीत.

त्यांच्या पट्टीवर मिरच्या होत्या, अळू होतं, पण जीव सगळा कुंपणावरच्या घेवड्यात. आमच्या भिंतीच्या अंगाला पार टोकापर्यंत तो वेल चढलेला असायचा. शेंगेची कड जांभळी, आत काळं कुळकुळीत बी आणि त्याला पांढरी किनार. मावशींच्या आईचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव सोडताना त्या माउलीच्या आईने पदराच्या गाठीत जे बांधून घेतलं, ते हे बी. आईने ते मावशींना लग्नात दिलं. "सोनं बी दिलं व्हतं," मावशी म्हणायच्या, "त्ये कवाच मोडलं."

मुलांना ती पट्टी देऊन टाकायची होती. मोठा मुलगा तसा भला माणूस. एकदा फाटकापाशी मला हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचं ऐकती ती. जरा समजवा की. समदं दिऊन झालं, ह्या तुकड्यापायी अडलंय." मावशींचं उत्तर ठरलेलं, "माझा येल हाय तितं. येल हाय तवर म्या अंगठा उठवायची न्हाई." दुसरं कारण त्या देतच नसत आणि मुलांनाही त्यावर काही बोलता येत नसे. आजीच्या माहेरची ती एवढीच वस्तू, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी त्या मुलाला ठणकावून सांगितलं की मी असलं काही समजावणार नाही. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला.

दोन वर्षांपूर्वीच्या वेळापत्रकात जूनपुढे मी 'देशी बियाणं जतन' असं लिहिलं होतं. लिहिलं खरं, पण देशी बियाणं आणायचं कुठून? मी मावशींच्या मागे लागले. त्या दरवर्षी निम्मं बी पेरायच्या आणि निम्मं राखेत घालून डब्यात ठेवायच्या, एखादं वर्ष फसलं तर असावं म्हणून. आधी त्या नाहीच म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, वीस घरांत गेलं तर वीस ठिकाणी जपलं जाईल. त्यांनी विचार केला आणि बैठकीला अख्खा डबाच घेऊन आल्या. "समद्यांकडं असलं म्हंजी कुटं जातंय," असं म्हणत प्रत्येकाच्या हातावर स्वतः बिया मोजून ठेवल्या. पहिल्या शेंगा खाऊ नका, बियाला ठेवा, असंही सांगितलं. तेव्हा समोसे आले होते, कितीजणांनी ऐकलं कोण जाणे.

मी ऐकलं होतं. तरीही डिसेंबरात माझ्या बाल्कनीतल्या वेलाला मोजून सात शेंगा लागल्या, तेव्हा मी कौतुकाने त्यांची भाजी केली आणि फोटो क्लबाच्या ग्रुपवर टाकला. बाकीच्यांनीही टाकले. कुणाच्या वेलाला ऊनच मिळालं नाही, कुणाचा पाण्याने कुजला, ज्यांना शेंगा लागल्या त्यांनी खाल्ल्या. एकानेही बी धरलं नाही. मावशींकडे फोन साधा, त्यांना ते फोटो दिसले नाहीत. मला वाटलं, मूळ वेल कुंपणावर आहेच की.

जानेवारी सरता सरता मावशी पुण्याला लेकीकडे गेल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, महिना तरी लागणार होता. जायच्या दिवशी मला मुद्दाम हाक मारली. "पोरांना काय बी ठावं न्हाई. तू येलाकडं ध्यान ठिव." मी म्हटलं, तुम्ही बिनघोर जा.

आणि मी खरोखर ध्यान ठेवलं. रोज जाऊन बघत होते. वेल वाळत चालला होता. पानं गळाली, शेंगा पिवळ्या पडून मग तपकिरी झाल्या आणि कडकडीत वाळल्या. जागोजागी जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या, त्या वाऱ्यावर फडफडायच्या. आमच्या बाजूने ते सगळं भिंतीवरून लोंबत होतं. फेब्रुवारीची स्पर्धा दहा दिवसांवर आली, परीक्षक मागच्या फाटकानेच येणार होते. क्लबातले बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "मॅडम, मागची बाजू जरा बघायला पाहिजे."

मला कुणी भरीला घातलं असं म्हणायला जागा नाही. विचार माझाच. मला वाटलं, वेल मेला, त्याचं आयुष्य झालं. मावशी नव्या डोळ्यांनी परत येतील तेव्हा त्यांना हा उकिरडा कशाला दिसावा? कुंपण स्वच्छ करून ठेवू, पुढच्या पेरणीला तयार. हे सगळं मी प्रेमापोटी केलं, आणि तेच आठवून आजही अंगावर काटा येतो. थोडी कमी माया असती तर मी त्या वेलाला हात लावला नसता.

रविवारी सकाळी आम्ही आठजण होतो. मी स्वतः कात्री चालवली. चिंध्या एकेक करून सोडवल्या, गाठी इतक्या पक्क्या होत्या की नख मोडलं. त्या वेळी मी काय म्हणाले तेही लख्ख आठवतं. "मावशींना पण काय हौस, घाण नुसती." सगळा वेल ओढून काढला आणि काकांच्या लाडक्या मशीनमध्ये घातला. हे मशीन क्लबाने नुकतंच घेतलं होतं, वाळला पाला त्यात घातला की भुगा होऊन बाहेर पडायचा. शेंगा आत जाताना फटफट वाजत होत्या. काका म्हणाले, "बघा, लाह्या फुटतायत." आम्ही हसलो. भुगा खतात मिसळला, वर शेणकाला ओतला. स्पर्धेत आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला.

मावशी परत आल्या त्या काळा चष्मा लावून. घरीही न जाता थेट पट्टीवर आल्या. मी फाटकातून बघत होते, शाबासकी मिळणार म्हणून. त्या कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारेवरून हात फिरवत गेल्या, परत आल्या, मग चष्मा काढला.

"कुनी काढला?"

"मी, मावशी. वाळला होता. सगळं साफ करून ठेवलंय."

"आन् चिंध्या?"

"त्या पण काढल्या."

त्या तिथेच खाली बसल्या. मग त्यांनी मला सांगितलं, वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाला सांगावं तसं. वेलावरच्या चांगल्या, भरल्या शेंगांना चिंधी बांधतात. चिंधी दिसली की ती शेंग तोडायची नाही, ती बियाची. वेलावरच वाळू द्यायची, अगदी खडखड वाजेपर्यंत. "ह्ये काय सांगायचं असतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "ह्ये तर शेंबड्या पोराला बी कळतं."

मी विचारलं, डब्यात? डबा तर मीच रिकामा करून घेतला होता.

"माझं डोळं नीट झालं," त्या उठताना म्हणाल्या, "तुमचं कवा व्हायचं?"

'तुझं' म्हणाल्या नाहीत. 'तुमचं' म्हणाल्या.

त्या दुपारी मी आणि काका खताचा खड्डा उपसत बसलो. हात भाजावा इतका तो आतून तापला होता. काळे दाणे म्हणून जे जे उचललं ते अर्धं, चेचलेलं. पाच दाणे बरे वाटले. माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या मातीत लावले. रोज सकाळी उठून आधी ती कुंडी बघायची. दोन आठवड्यांनी उकरून पाहिलं तर बोटाला नुसता चिकट लगदा लागला. मी क्लबातल्या प्रत्येक घराचं दार वाजवून विचारलं, एखादी शेंग, एखादा दाणा? लोक बिचारे ओशाळले. एकीने तर फ्रिजरमध्ये ठेवलेले सोललेले दाणे आणून दिले, तेही उकडलेले.

मग मी पौडपर्यंत एका गाडीने आणि तिथून एसटीने मुळशीला जाऊ लागले. धरणाच्या कडेच्या वस्त्यांवर मावशींच्या आईच्या नात्यातलं कुणी असेल, त्यांच्याकडे असेल, या आशेवर. लोक चांगले, पाणी देत, बसा म्हणत. एका बाईने घेवड्याचं बी म्हणून दुकानातलं पाकीट काढून दाखवलं. "आमी ह्योच लावतो आता. लई शेंगा देतो." एका ठिकाणी म्हातारी म्हणाली, असं काळं बी असायचं खरं, तिच्या सासूच्या वेळी. जिथे असायचं ती जागा तिने बोटाने दाखवली. तिथे आता एका रिसॉर्टची हिरवळ होती. चार फेऱ्यांत मला एकदाच काळसर दाणे मिळाले. ते रुमालात बांधून मी पळत पळत मावशींकडे आले. त्यांनी तळहातावर घेतले, उन्हात धरले.

"ह्यो न्हाई," म्हणाल्या. आणि माझं तोंड बघून त्यांनाच माझी दया आली असावी. "ऱ्हाऊ दे आता. लई हिंडलीस."

एवढ्यावर संपलं असतं तरी मी स्वतःला कधीतरी माफ केलं असतं. मे महिन्यात कळलं की मावशी पट्टी द्यायला तयार झाल्या. मी तशीच उठून त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर चिंचा फोडत होत्या. मी म्हटलं, मावशी, अंगठा देऊ नका. दुसरं काही लावू तिथे. मी रोज येईन, मी पाणी घालीन, तुम्ही म्हणाल ते करीन. मी रडत होते, आणि रडतेय याची लाजही वाटत नव्हती.

त्यांनी हातातली चिंच फोडून पुरी केली. "पोरांना म्या काय सांगत व्हते? माझा येल हाय. आता काय सांगू, गवात हाय म्हनून?" मग पुढची चिंच उचलत म्हणाल्या, "त्यांचं बी बरोबर हाय. कशापायी अडवून धरू?"

पौडला तालुक्याच्या कचेरीत जाऊन विक्रीचा कागद झाला. जागा बिल्डरने घेतली, पलीकडचा भाग रस्त्यात गेला आणि उरलेला तुकडा मोकळी जागा म्हणून आमच्या सोसायटीला जोडून मिळाला. सोसायटीने तो बाग क्लबाला दिला. इतकी वर्षं आम्ही कुंड्यांत माती कालवत होतो, आता पायाखाली स्वतःची जमीन आली. क्लबात कोण आनंद! दिवाळीनंतर कुंपण गेलं, भिंत पाडली, लाल माती आणून टाकली, मधून फरशीची वाट केली. सगळ्यांनी एकमताने ठरवलं की संक्रांतीच्या दिवशी पहिलं रोप आजींच्या हस्ते लावायचं. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता, उलट सगळ्यांना ते फार योग्य वाटलं. आणि आजींना आणायला मीच जावं, असं ठरलं.

मला वाटलं होतं त्या येणार नाहीत. त्या आल्या. इरकली नेसल्या होत्या. वाटेत सुनेच्या गुडघ्यांविषयी आणि थंडीविषयी बोलल्या. पाडलेल्या भिंतीपाशी क्लबातले सगळे उभे होते, बायका हळदीकुंकवाचं तबक घेऊन, काका कढीपत्त्याचं रोप हातात धरून. लाल मातीची कड जिथे सुरू होते तिथे मावशी थांबल्या. चपला काढल्या आणि बाजूला नीट जोडून ठेवल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई, आत आलं तर चालंल न्हवं?"

माझ्या तोंडावर आलं होतं की मावशी, विचारता काय, तुमचीच जागा आहे. पण ती त्यांची राहिली नव्हती, आणि हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मागे सगळे ताटकळत उभे होते. मी म्हणाले, "या."

मग त्या आत आल्या.